लो-कार्ब जेवणात आवडीच्या पदार्थांना पर्याय शोधताय? या चुका टाळा

सासऱ्यांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर, कमी करायला सांगितले, तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "सूनबाई, पिठलं मग कशाशी खायचं?" मी उत्साहाने बदामाच्या पिठाची पोळी केली, ती तव्यावरच तुटली. फ्लॉवरचा भात केला, त्याचा लगदा झाला. आठवडाभर ताट अर्धं तसंच राहायचं. घरच्या माणसाला उपाशी उठताना बघणं फार जिवाला लागतं. त्यातून जे शिकले ते सांगते.

आधी औषधांचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना एकदम भात-पोळी बंद केली, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर वेगळा धोका असतो, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढण्याचा. डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताट बदलू नका.

पोळीऐवजी भाकरी, साखरेऐवजी गूळ

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 65 ते 70 ग्रॅम कार्ब असतात आणि कणकेतही जवळपास तेवढेच. भाकरी पौष्टिक आहे, तंतूही देते, पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर कार्ब कमी होत नाहीत. गुळाचंही तसंच. उपासाला भगर आणि राजगिरा 'हलके' म्हणून खाल्ले जातात, तेही पिष्टच. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

पदार्थाची हुबेहूब नक्कल करायला जाणं

पोहे आठवतात म्हणजे नेमकं काय आठवतं? मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, मऊ झालेला कांदा, कुरकुरीत शेंगदाणे, वरून लिंबू, ओलं खोबरं आणि कोथिंबीर. हे सगळं तसंच ठेवता येतं, फक्त पोह्यांच्या जागी किसलेला कोबी घ्यायचा. साबुदाण्याच्या खिचडीत जीव असतो तो तूप-जिरं, मिरची आणि दाण्याच्या कुटात. त्यात पनीर साबुदाण्याएवढं बारीक चिरून घाला. किसलंत तर चावायला काही उरत नाही. वडापावची आठवण येते तेव्हा खरी ओढ लसणाच्या सुक्या चटणीची आणि तळलेल्या मिरचीची असते. ती चटणी आमच्याकडे आता उकडलेल्या अंड्यावर भुरभुरतात.

आणि भाकरीचं काम काय? पिठल्याला, ठेच्याला धरणं, हाताने तुकडा मोडता येणं. बदामाच्या पिठाला चिकटपणा नाही, म्हणून ते तुटतं. जवसाला आहे. एक वाटी जवसाची बारीक पूड घ्या, पाऊण वाटीला थोडं कमी पाणी मीठ घालून खळखळून उकळा, पूड घालून गॅस बंद करा, ढवळा आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. तांदळाच्या भाकरीची उकड काढतो तसंच. कोमट असताना मळलं की गोळा चकचकीत होतो, हाताला किंचित बुळबुळीत लागतो. बटर पेपरवर थापा, मध्यम आचेवर शेका. ती फुगत नाही, रंगाने काळपट दिसते, पण वांग्याच्या भरिताबरोबर सुरेख लागते. तंतू भरपूर आहेत, म्हणून सुरुवातीला एकच खा आणि पाणी नीट प्या. पिठलंही बेसनाचं, म्हणजे कार्ब असलेलंच. ते वाटीभर न घेता दोन-तीन चमचे घ्यायचं.

फ्लॉवरचा लगदा

मिक्सरमध्ये फिरवला की फ्लॉवर पाणी सोडतो. मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा, स्वच्छ पंच्यात बांधून घट्ट पिळा. पसरट कढईत तूप तापवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटंच परता. झाकण ठेवायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, मीठ अगदी शेवटी. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कार्ब असतात, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये 5. पण वरण-भाताची जागा तो घेऊ शकत नाही, हे मान्य करा. मटणाच्या रश्शाबरोबर किंवा सोलकढीबरोबर मात्र छान जमतो.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पिंढऱ्यांत गोळे येतात आणि लोक पर्यायांना दोष देऊन सोडून देतात. कार्ब कमी झाले की शरीर मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं पातळ ताक दिवसातून दोनदा घ्या.

गोडाच्या बाबतीत

'शुगर-फ्री' बिस्किटांत बहुतेकदा मैदा असतो. चॉकलेटांत बऱ्याचदा गोडीसाठी साखरेऐवजी माल्टिटॉल असतं, त्याने साखर थोडी वाढते आणि पोटही बिघडतं. मागचं लेबल वाचा. बिनसाखरेची बासुंदीही फसवी आहे. दूध आटतं, त्यातली दुधाची साखर आटत नाही, ती उरलेल्या थोड्या दुधात दाट होते.

पुरणपोळीला पर्याय मी शोधला नाही, होळीला सासरे अर्धी खातात. पण श्रीखंड उत्तम होतं. दही रात्रभर टांगून चक्का अगदी कोरडा करायचा, गोडीसाठी साखरेऐवजी स्टीव्हिया जपून घालायचं, कारण जास्त झालं की कडवट लागतं, आणि वेलची, केशर, जायफळ सढळ हाताने. पाडव्याला सासऱ्यांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि विचारलं, "अजून आहे का गं?"