कुत्र्याच्या ट्रेनिंगचं गाईड निवडायचंय? आधी हे तपासा

घरात पिल्लू आलं की आपण ट्रेनिंगचं पुस्तक नाहीतर ऑनलाइन कोर्स शोधायला लागतो, आणि पर्याय इतके दिसतात की शेवटी ज्याचं कव्हर छान किंवा ज्याला व्ह्यूज जास्त तेच घेतलं जातं. असं करू नका प्लीज, चुकीच्या सल्ल्याचा मार त्या मुक्या जिवाला बसतो.

सगळ्यात आधी आपली अडचण कागदावर लिहा. घरात शू करतो, हात चावतो, पट्टा ओढतो, एकटा ठेवला की भुंकत बसतो, जे असेल ते, आणि वयही लिहा, कारण दोन महिन्यांच्या पिल्लाला जे लागू पडतं ते शेल्टरमधून आणलेल्या घाबरट मोठ्या कुत्र्याला पडेलच असं नाही.

मग गाईड हातात आलं की पहिल्या पानापासून वाचत बसू नका, सरळ शू-शीचा भाग उघडा. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. चांगलं गाईड सांगेल की झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, तिथे शू केली की तिथल्या तिथे शाबासकी आणि ट्रीट द्या, आणि घरात झालीच तर एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा म्हणजे वास उरत नाही. शूमध्ये नाक घासा असं कुठे दिसलं तर ते गाईड तिथेच बंद करा. मागाहून रागावलं तर पिल्लाला ते कशाबद्दल होतं हे कळतच नाही, ते फक्त तुम्हाला घाबरायला आणि सोफ्यामागे लपून शू करायला शिकतं.

दुसरी टेस्ट म्हणजे 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द शोधा. कुत्र्याला तुमच्यावर राज्य करायचंय, त्याला उलटं पाडून दाबा, तुम्ही आधी जेवा, असला सल्ला अजून बऱ्याच ठिकाणी मिळतो. ह्याचं मूळ प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासात आहे, आणि तो पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर होता. ही कल्पना पुढे लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांपैकी एक होते लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech), आणि त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असं साधं कुटुंब असतं. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नाही. त्यामुळे त्या पायावर उभं असलेलं गाईड मी तरी कुणाला घ्या म्हणणार नाही.

गुरगुरण्याबद्दल काय लिहिलंय तेही नक्की बघा. गुरगुरणं ही वॉर्निंग असते. ती मारून बंद केली तर भीती जात नाही, फक्त वॉर्निंग जाते, आणि मग कुत्रा न सांगता चावतो. घरात लहान मुलं असतील तर हा भाग दोनदा वाचा.

पिल्लासाठी घेत असाल तर साधारण 3 ते 14 आठवडे या वयाबद्दल त्यात काही आहे का बघा, कारण नवीन माणसं, आवाज, जागा यांची भीती न बसता सवय लागायचा हाच काळ, आणि नेमकं तेव्हाच लसीकरण पूर्ण झालेलं नसतं. 'बाहेर काढूच नका' किंवा 'कुठेही न्या' एवढंच लिहिलं असेल तर ते अर्धवट आहे. कडेवर घेऊन जग दाखवा, लस झालेल्या निरोगी कुत्र्यांशी भेट घडवा, डॉक्टरांना विचारा, असं नीट सांगणारं घ्या.

बाकी पटकन बघायच्या गोष्टी. ट्रीट हवं ते केल्यावर एक-दोन सेकंदात द्यायची हे सांगितलंय का, सेशन पाचेक मिनिटांचंच ठेवायला सांगितलंय का, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे आणि झायलिटॉल (शुगर-फ्री पदार्थांत साखरेऐवजी घालतात ते) कुत्र्याला विषारी असतात ही सूचना आहे का. शिकलेला कुत्रा अचानक घरात शू करायला लागला किंवा अंगावर यायला लागला तर आधी डॉक्टरकडे न्या, हे वाक्य असलं तर समजा लिहिणाऱ्याने खरंच कुत्री हाताळली आहेत. सात दिवसात कुठलाही कुत्रा सुधारेल अशी गॅरंटी देणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग म्हणजे 'नाही जमलं तर काय'. बस म्हटल्यावर बसला नाही तर पुढे काय, घरात ऐकतो पण रस्त्यावर ऐकत नाही तर काय, इथे बरीच गाईडं गप्प होतात. नीट लिहिलेलं गाईड मागची सोपी पायरी दाखवतं, शांत जागी पुन्हा सुरू करायला सांगतं, ट्रीट बदलायला सांगतं.

हे सगळं जुळलं तरी लगेच पैसे घालू नका. सॅम्पल भागातली एकच गोष्ट, समजा हाक मारली की येणं, आठवडाभर करून बघा. शेपूट हलवत येत असेल तर पूर्ण घ्या, आणि मग घरातल्या सगळ्यांनी तेच एक गाईड आणि तेच शब्द वापरा, नाहीतर एकजण 'खाली' म्हणतो, दुसरा 'उतर', आणि कुत्रा बिचारा दोघांकडे बघत सोफ्यावरच बसून राहतो.