मृगाआधी विहिरीचं पाणी तपासा, ओढ्याकाठचं तर नक्कीच

रोहिणी निघाल्या. मृगाला अजून थोडे दिवस आहेत, तेवढ्यात विहिरीचा आणि बोअरचा नमुना प्रयोगशाळेत देऊन टाका. पाणी आटत आलं की क्षार दाटतात, त्यामुळे वर्षातलं सगळ्यात वाईट पाणी आत्ताच हाती लागतं. हिशेब त्याचाच धरायचा.

आमची एक विहीर माळावर आहे, बोअर खाली ओढ्याकाठी. मधे तीनशे पावलंही नसतील. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ पटकन शिजते, साबणाला फेसही भरपूर येतो, म्हणून घरात त्याचं भारी कौतुक. त्याच पाण्यावर चार वर्षांत खालचं रान चोपण झालं, म्हणजे सोडियमनं माती घट्ट बसली. पाऊस पडला की चिखल, उघडला की दगड.

माळाच्या मुरमात मुरलेलं पाणी ताजं असतं, त्यात कॅल्शियम जास्त. तेच पाणी उतारानं काळ्या मातीखालून सरकताना कॅल्शियम चुनखडी होऊन मागे बसतं, काही मातीला चिकटतं, आणि सोडियम पाण्यात उरतो. सखल भागात पाणी वर आलेलं असतं. ऊन ते ओढून घेतं, मीठ ठेवून जातं. कालव्याखालच्या चिबड, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या रानात पांढरं फूल येतं ते यानेच. कोकणात खाडीकाठी गोष्ट निराळी. तिथे डोंगराकडून येणारं गोडं पाणी समुद्राला रेटून धरतं. समुद्रसपाटीपेक्षा एक फूट गोडं पाणी वर असलं तर खालचं खारं पाणी साधारण चाळीस फूट दूर राहतं. उपसा वाढला की तो रेटा संपतो. आपल्याकडे समुद्र नाही, मीठ घरचंच आहे. म्हणून ‘अजून खोल घ्या, गोडं लागेल’ हा सल्ला डोळे झाकून ऐकू नका. खडकात जास्त दिवस राहिलेल्या पाण्यात क्षार वाढलेलेच असू शकतात.

नमुन्यासाठी मोटार अर्धा तास चालू द्या, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा. खताच्या किंवा औषधाच्या बाटलीत नमुना नेणारे अजूनही दिसतात, त्यांना काय म्हणावं!

अहवालात आधी ईसी पाहा, म्हणजे पाण्यातल्या एकूण क्षारांचं माप (डेसिसायमन प्रति मीटर). ०.७५ च्या आत असेल तर निवांत, २.२५ च्या वर असेल तर सावध. ईसी २ असलेलं चार इंच पाणी एकराला एकदा दिलं की ५० किलोची साधारण दहा पोती मीठ रानात जातं. मग आरएससी पाहा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट (मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर): १.२५ पर्यंत ठीक, २.५ च्या वर ते पाणी जमीन चोपण करणार. डाळ लवकर शिजवणारं पाणी बहुधा इथेच सापडतं.

जिप्समचा उपयोग सोडियमवर होतो. नुसती ईसी जास्त असेल तर जिप्सम टाकून पैसे घालवू नका. तिथे पावसाच्या पाण्यानं क्षार खाली धुऊन काढायचे. पण चिबड रानात आधी ओढ्याकडे चर काढा, मगच बांध घालून पाणी अडवा. उलटं केलंत तर तळं होईल. चोपण रानाला माती तपासून लागेल तेवढं जिप्सम पावसाआधी वरच्या थरात मिसळा, नंतर धैंचा हे हिरवळीचं पीक पेरून फुलावर गाडा. खाऱ्या पाण्यावर कांदा आणि घेवडा घेऊ नका. ज्वारी आणि कापूस बराच खार सोसतात.

डाळिंब-द्राक्षवाल्यांनी एवढं ऐकाच. ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला मिठाचं पांढरं कडं साचलेलं असतं. वळवाची हलकी सर आली की ते मीठ सरळ मुळांवर येतं आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपतात. म्हणून हलक्या पावसात ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. शेजारी हसतील, हसू द्या. चांगला दणकून पाऊस होऊन वाफसा गेला, म्हणजे रान पार भिजलं, की मगच कॉक बंद करा.