केरळला जाण्याआधी काय ठरवावे

केरळच्या सहलीचा आराखडा बहुधा ठिकाणांच्या यादीपासून सुरू होतो: कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, कोवलम, आणि हे सारे एका आठवड्यात. नकाशावर अंतरे थोडी दिसतात. परंतु घाटातली वळणे आणि किनारपट्टीच्या सलग वस्तीतून जाणारे रस्ते यांमुळे दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. म्हणून आधी महिना ठरवावा, त्या महिन्यात तेथे काय चालू असते ते पाहावे आणि त्यानुसार दोन, फार तर तीन मुक्काम आखावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात दाखल होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पावसाच्या सरी बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा असला तरी गर्दीचाही असतो. जून-जुलैत समुद्र खवळलेला असल्याने पाण्यात उतरू नये. याच दिवसांत ट्रॉलरना, म्हणजे मोठ्या यांत्रिक मासेमारी बोटींना, ५२ दिवसांची बंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीच्या ओढीने जाणाऱ्यांनी हा काळ टाळलेला बरा. मुसळधार पावसात इडुक्की आणि वायनाडच्या डोंगराळ भागांत दरडींचा धोका खरा असतो. जुलै २०२४ मध्ये वायनाडमध्ये दरडी कोसळून जे घडले, त्यानंतर हवामान खात्याचा इशारा पाहिल्याशिवाय तिकडे निघू नये. मुन्नारजवळचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान निलगिरी ताहर या रानबकरीच्या विणीच्या हंगामात, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, बंद ठेवले जाते. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी तेथे २०१८ मध्ये बहरली होती, म्हणजे पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना एक मोठी सोय आपोआप मिळते. गाडी केरळात उत्तरेकडून शिरते आणि कासरगोड, कण्णूर ही स्थानके कोचीच्या कितीतरी आधी येतात. बहुतेक प्रवासी ती झोपेत ओलांडतात, याचे वाईट वाटते. कारण तेय्यम, म्हणजे माणसाच्या रूपात देव अवतरतो असा उत्तर केरळचा विधी, पाहायचा तर याच दोन जिल्ह्यांत. (पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक बदलते, तेवढे तपासून घ्यावे.)

तेय्यमचा हंगाम मल्याळी पंचांगातील तुलाम महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि साधारणपणे मेपर्यंत चालतो. गावोगावच्या कावूंमध्ये, म्हणजे देवरायांतील देवस्थानांत, आणि जुन्या घराण्यांच्या अंगणात रात्रभर हा विधी चालतो. वण्णान, मलयन, वेलन अशा समाजांतील माणूस चेहरा रंगवून, भलामोठा मुकुट धारण करून चेंडा या केरळी ढोलांच्या गजरात देव होतो, आणि एरवी जातीने स्वतःला वरचे मानणारेही त्याच्यापुढे हात जोडून गाऱ्हाणे घालतात. हा मनोरंजनाचा कार्यक्रम नव्हे, हे मनात पक्के असावे: देवाची वाट अडवू नये, अंगणात पुढे घुसू नये, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये आणि फ्लॅश तर मुळीच वापरू नये. कोणत्या कावूत कोणत्या रात्री तेय्यम आहे, हे कण्णूरमधील होमस्टेच्या यजमानांना आधीच विचारून ठेवावे. मध्यरात्रीनंतर जाऊन सकाळपर्यंत थांबण्याची तयारी असावी, कारण सर्वांत प्रभावी भाग अनेकदा पहाटेच होतो. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी वळपट्टणम नदीकाठच्या परश्शिनीकडवू येथे जावे. तेथे मुत्तप्पनचा तेय्यम जवळजवळ रोज होतो.

दक्षिणेकडे जाताना शोरणूरला उतरून चेरुतुरुत्तीचे केरळ कलामंडलम जरूर पाहावे. महाकवी वळ्ळत्तोळ यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत कथकली, कूडियाट्टम (प्राचीन संस्कृत नाट्य) आणि चेंडावादनाचे वर्ग भरतात. कामकाजाच्या दिवशी सकाळी पाहुण्यांना ते पाहता येतात. फोर्ट कोचीत कथकलीचा प्रयोग पाहणार असाल तर रंगभूषेच्या वेळेलाच पोहोचावे.

बॅकवॉटरसाठी हाउसबोटीत रात्र काढणे हा एकच मार्ग नाही, आणि माझ्या मते तो उत्तमही नाही. मोठ्या बोटी अरुंद कालव्यांत शिरू शकत नाहीत, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांमुळे संध्याकाळी त्यांना काठाला लागावेच लागते. त्यापेक्षा अलेप्पी ते कोट्टायम ही राज्य जलवाहतूक विभागाची प्रवासी बोट घ्यावी. ती अगदी अल्प भाड्यात वेंबनाड तलावातून आणि कुट्टनाडच्या कडेने नेते, आणि समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेली भातशेती बांधांपलीकडे दिसते. आतले कालवे लहान होडीतून, शक्यतो सकाळी लवकर, पाहावेत.

मंदिरांबाबत आधीच माहिती घेतलेली बरी. अनेक मोठ्या मंदिरांत पुरुषांनी मुंडू, म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, नेसून उघड्या अंगाने जायचे असते, स्त्रियांसाठीही पारंपरिक पोशाखाचा नियम असतो, आणि गुरुवायूर व तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात फक्त हिंदूंनाच प्रवेश आहे. दुपारी मंदिरे काही तास बंद असतात, तेव्हा दर्शन सकाळी किंवा संध्याकाळी ठेवावे. मुंडू तेथेच कोणत्याही कापडाच्या दुकानात मिळते.

कोचीत एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्याने न जाता बोटीने जावे. आता विजेवर चालणारी वॉटर मेट्रोही उपलब्ध आहे. १५६८ मध्ये बांधलेले मट्टांचेरीचे परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असते, म्हणून हा भाग आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवावा.