.२२ स्पोर्ट पिस्तूल अडकतंय? या चुका टाळा

२५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट ३ सेकंद समोर येतं आणि ७ सेकंद वळलेलं राहतं. त्या तीन सेकंदांत पिस्तूल अडकलं की पुढच्या शॉट्सची लयही बिघडते. मग घाईघाईने कानस काढली जाते किंवा स्प्रिंग बदलली जाते. दोष बहुतेक वेळा काडतूस, मॅगझिन किंवा घाणीत असतो, त्यामुळे आधी तिथेच बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न फुटलेलं काडतूस न बघता कचऱ्यात टाकणं. पिस्तूल टार्गेटच्या दिशेनेच धरून किमान ३० सेकंद थांबा, मग काडतूस काढून त्याची कड नीट बघा. .२२ मध्ये स्फोटक मिश्रण कडेत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन तिथेच आदळते. खूण खोल आणि स्पष्ट असेल तर बहुधा काडतूसच खराब, कारण कडेच्या त्या भागात मिश्रण पोहोचलेलं नसतं. खूण उथळ असेल तर पिनच्या वाटेतली घाण आणि थकलेली स्प्रिंग तपासा. तसंच काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खाचेत) पूर्ण बसलं होतं का, तेही बघा, कारण अर्धवट बसलेलं काडतूस आघात झाल्यावर पुढे सरकतं आणि माराचा जोर त्यातच जातो.

गोळी सुटल्यावर उरणारं केस (काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर पडताना बोल्टमध्ये, म्हणजे प्रत्येक शॉटनंतर मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, उभं अडकत असेल, तर बोल्ट पुरेसा मागे जात नाहीये. कोरडे रेल्स (बोल्ट ज्यांवरून सरकतो त्या पट्ट्या), कमकुवत काडतूस किंवा ढिली पकड ही नेहमीची कारणं. ग्रिपचं लाकूड किंवा त्यावर चढवलेली पुट्टी बोल्टला घासते का, तेही बघा. केस चेंबरमध्येच राहत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली शिसं आणि मेण साचलंय का ते टोकदार लाकडी काडीने खरवडून पाहा. नवीन काडतुसाचं टोक वर उचललं जाऊन अडकत असेल तर संशय मॅगझिनच्या ओठांवर, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या त्याच्या वरच्या कडांवर.

मॅगझिनवर नंबर टाका. हे न केल्यामुळे कितीतरी चांगली पिस्तुलं विनाकारण उघडली जातात. अडचण २ नंबरच्याच मॅगझिनमध्ये येत असेल तर पिस्तुलाला हात लावायचं कारण नाही. ओठ पक्कडीने वाकवू नका, मॅगझिन बदला. आत तेल अजिबात नको, त्यावर न जळलेली पावडर चिकटते. बोल्टच्या रेल्सवर प्रत्येकी एक थेंब पुरे.

ही पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साधारण वेगाच्या) काडतुसासाठी बनवलेली असतात. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचं) वापरलं की बोल्ट मागे जोरात आदळतो, तो धक्का झेलणारा बफर लवकर संपतो. एली, लापुआ, एसके या ब्रँडपैकी कोणतंही काडतूस वापरा, पण लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की पुन्हा चाचणी घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

ट्रिगर हलका करायला स्प्रिंग कापणं हा सर्वांत महाग पडणारा उद्योग. ट्रिगरचा भार किमान १००० ग्रॅम हवा, असा नियम आहे. तपासणीत ट्रिगरने तीन प्रयत्नांत ते वजन उचललं नाही तर स्पर्धेतून बाद. सिअरवर (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर किंवा पिन अडवून धरणाऱ्या भागावर) कानस फिरली की एकाऐवजी दोन गोळ्या सुटण्याचा धोकाही आहे. शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, म्हणून हे काम परवानाधारक आर्मररकडेच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडेच) द्या. ड्राय फायरही (काडतुसाशिवाय ट्रिगर दाबण्याचा सराव) पिस्तुलाची खास सोय वापरूनच करा. रिकाम्या चेंबरवर पिन आदळत राहिली तर चेंबरच्या कडेला खाच पडते आणि मग केस निघायला अडतं.

स्पर्धेत अडकलं, तर पिस्तूल टार्गेटकडेच ठेवा, मोकळा हात वर करा आणि काहीही उघडू नका. बोल्ट ओढलात तर दोष खरा असूनही तो मान्य होत नाही. सेफ्टी चालू राहिली, मॅगझिन भरलंच नव्हतं किंवा ट्रिगर पुढे पूर्ण सोडला नव्हता, तरीही तसंच. ट्रिगर पूर्ण सोडण्याची सवय सरावातच लावावी लागते. ऐन रॅपिडच्या सिरीजमध्ये ती आठवत नाही.