शेजाऱ्यांच्या छपरासाठी मदत कशी उभी करावी

साताऱ्याच्या जुन्या पेठांमध्ये एप्रिल उजाडला की कुणाच्या ना कुणाच्या कौलांची काळजी सुरू होते. घरात एकटी बाई असते, मुलगा नसतो किंवा असून पुरा पडत नाही, आणि छपराचा खर्च तिच्या वर्षभराच्या मिळकतीच्या पुढे जातो. अशा सात-आठ घरांच्या कामात मी पडले आहे. "घरकुलाचा फॉर्म भरा", "मोबाईलवर आवाहन टाका" असले सल्ले ऐकले की मला राग येतो, कारण त्या नादात मे महिना हातातून जातो.

घरकुलाचं आधी सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात 1,20,000 रुपये मिळतात, डोंगराळ भागात 1,30,000. पण ते बेघरांना किंवा कच्च्या घरात राहणाऱ्यांना नवीन घर बांधायला. कुजलेले वासे बदलायला त्यातून काही मिळत नाही. वादळ-पावसानं पडझड झाली असेल तर गोष्ट वेगळी. त्याच दिवशी तलाठ्याला कळवा, पंचनामा होईपर्यंत ढिगारा हलवू नका, हलवावाच लागला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. 2022 ते 2026 साठीच्या निकषांनुसार किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये ठरले होते. म्हणजे बाकीची सोय तुम्हालाच बघायची आहे.

घर भाड्याचं असेल तर वर्गणीला हात लावू नका. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. निदान 15 दिवसांची लेखी नोटीस द्या. वाजवी वेळ देऊनही त्यानं काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

ज्यांचं छप्पर करायचं त्या काकूंशी बोलायला एकटं जा, तेही संध्याकाळी. चार माणसं घेऊन गेलं की त्या "काही नाही हो, चाललंय" म्हणतात आणि विषय मिटतो. "काकू, यातलं कुणाला कळू द्यायचं नाही?" हे मी पहिल्याच बैठकीत विचारते आणि ती नावं पाळते. घराचा उतारा बघा. शहरात मिळकत पत्रिका, गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो बहुतेक वेळा वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर निघतो आणि दोन दीर मुंबईला असतात. वारस नोंदीचा अर्ज टाका, पण तिच्यासाठी थांबू नका. दिरांची संमती तेवढी लिहून घ्या. तोंडी "करा की" पुढे भांडणाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

आता खर्चाचा अंदाज. मी इथेच एकदा तोंडघशी पडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं काम होतं. मिस्त्री आला, खालूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "चाळीस हजारांत होतंय." मी आठ दिवसांत त्रेचाळीस हजार जमवले. मेच्या शेवटच्या आठवड्यात कौलं उतरवली, तर वाशांची टोकं ज्याच्यावर टेकतात ते भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड वाळवीनं आतून पोखरलेलं. हातानं दाबलं तर पिठासारखं खाली आलं. खर्च नव्वद हजारांच्या पुढे गेला. त्याच लोकांकडे परत कुठल्या तोंडानं जायचं? एकोणीस दिवस घरावर नुसती ताडपत्री होती. मृगाचा पाऊस आला आणि काकूंचं वर्षाचं ज्वारीचं पोतं भिजलं. तिसऱ्या दिवशी पोत्याच्या विणीतून पांढरे मोड बाहेर आलेले मी बघितले. अजूनही ते पोतं डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हापासून उघडून बघितल्याशिवाय मी एक रुपयाही मागत नाही. सुताराला अर्ध्या दिवसाची मजुरी माझ्या खिशातून देते आणि आधीच सांगते, "हे फक्त बघण्याचे पैसे, काम तुम्हालाच मिळेल असं नाही." मग तो खरं बोलतो. चार-पाच ठिकाणची दहा-बारा कौलं काढायला लावते: आढ्याजवळ, दोन्ही भिंतींच्या माथ्यावर, चुलीच्या वर आणि जिथे गळतीचा जुना डाग आहे तिथे. प्रत्येक लाकडात पटाशी टोचून बघायची. वाजवून बघणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, वरून खणखणीत वाजणारं लाकूड भिंतीत शिरलेल्या टोकाला कुजलेलं असतं. टोचायचं ते टोकालाच. भिंतीला भेग असेल तर ती जुनी की वाढती हे आधी ठरवा. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक भिंतींनी 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसला आहे, प्रत्येक भेग कालची नसते. भेगेवर आडवा प्लास्टरचा पट्टा मारून तारीख घाला. महिन्याभरात पट्टा तडकला किंवा भिंतीला पोट आलेलं दिसलं, तर गवंड्याचं काम संपलं, इंजिनिअरला बोलवा.

मग अंदाज लेखी घ्या, आणि दोघांकडून. त्यातला एक हे काम करणार नाही असा असू दे. कामाचे तीन भाग पाडा: पावसाआधी व्हायलाच हवं ते, दिवाळीनंतर चालेल ते आणि केलं नाही तरी चालेल ते. मदत फक्त पहिल्या भागासाठी मागायची. त्यावर वीस टक्के जास्तीचे धरा आणि कागदावर "अडीअडचणीसाठी" असं उघड लिहा. फरशी आणि रंग त्या यादीत घुसवणारे नातेवाईक भेटतील, त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

पैसे मागू नका, वस्तू मागा. "काकूंना मदत करा" म्हटलं की लोक पाचशेची नोट काढतात. "दीडशे कौलं तुमच्याकडून" म्हटलं की माणूस हिशेब करतो आणि पुरी करून देतो. शंभर चौरस फुटांना साधारण तेवढी लागतात. वखारवाल्याकडे लाकूड, हार्डवेअरवाल्याकडे खिळे आणि ताडपत्री. पेठेत वाडे पडून फ्लॅट होताहेत, तिथली जुनी कौलं स्वस्तात मिळतात. पण जाताना एक नमुना बरोबर न्या, कारण दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. छाप बघूनच घ्या. मंडळाची पोरं कौलं खाली-वर द्यायला आनंदानं येतात, त्यांना छपरावर मात्र चढू देऊ नका.

तरीही रक्कम कमी पडली तर काकूंच्या बचत गटाचं कर्ज बघा. पतसंस्थेला जामीन लागतो, आणि जामीन राहायचं म्हणजे हप्ते आपण फेडायची तयारी हवी. ती नसेल तर झेपतील तेवढे पैसे देऊन मोकळं व्हा. काकू निराधार असून संजय गांधी योजनेचे महिन्याचे 1,500 त्यांना सुरू नसतील तर तो अर्ज याच फेरीत तहसीलला देऊन टाका.

बिलं काकूंच्या नावानं घ्या, पैसे थेट दुकानदाराला द्या, वही काकूंकडे ठेवा.

सुताराचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत देऊ नका, आणि काम सुरू करतानाच हे त्याला सांगा. त्या रात्री बॅटरी घेऊन काकूंकडे जा, वाशावर जिथे ओल दिसेल तिथे खडूनं खूण करा आणि सकाळी सुताराला फोन लावा.