अरबी धातूंकडून तत्त्वज्ञानाकडे: नव्या अभ्यासकांसाठी

इस्लामी तत्त्वज्ञान शिकायचे म्हणून मी थेट तत्त्वज्ञांवर टीका करणारा अल-गझाली आणि त्याला उत्तर देणारा इब्न रुश्द यांच्या वादापासून, तोही इंग्रजी अनुवादांतून, सुरुवात केली. वर्षभराने मला दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सांगता येत होते, पण ते ज्या संज्ञांवर उभे आहेत त्यांतली एकही उलगडता येत नव्हती. म्हणून नवागतांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पहिले वर्ष अरबी व्याकरणाला द्यावे.

अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून, म्हणजे शब्दाच्या मुळापासून, ठरावीक साच्यांत घडतात आणि अनेक शब्दकोशही धातूंनुसार लावलेले असतात. 'मक्तूब' (लिहिलेले) हा शब्द 'म'खाली नव्हे, तर क-त-ब या धातूखाली शोधावा लागतो. मराठी वाचकाला हा साचा नकळत ठाऊक असतो. फारसीमार्गे आपल्याकडे आलेले मजकूर, मंजूर, महसूल, मजबूत हे सारे शब्द एकाच 'मफ्ऊल' साच्यातली कर्मवाचक धातुसाधिते आहेत. जप्त आणि मजबूत एकाच धातूचे, नजर आणि मंजूर एकाच धातूचे, हे उमगले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. मात्र ओळखीच्या अर्थावर विसंबू नये. आपले 'जाहीर' म्हणजे सर्वांना कळवलेले. कुराणाच्या भाष्यपरंपरेत 'झाहिर' म्हणजे वचनाचा उघड अर्थ, आणि त्याच्यासमोर 'बातिन' हा आतला अर्थ असतो.

'मौजूद' याच साच्यातला. त्याचा मूळ अर्थ 'सापडलेले'. अरबीत 'झैद लेखक' एवढ्यानेच वाक्य पुरे होते, 'आहे' लागत नाही. ग्रीक तर्कशास्त्र अरबीत आणताना मात्र त्या 'आहे'साठी शब्द हवा होता, आणि काहींनी 'मौजूद' योजला. तत्त्वज्ञ अल-फाराबी (मृत्यू 950) 'किताब अल-हुरूफ' (अक्षरांचे पुस्तक) या ग्रंथात बजावतो की, तत्त्वज्ञानात हा शब्द वाचताना त्याच्या साधित रूपातून सुचणारा अर्थ बाजूला ठेवावा. बगदादमध्ये व्याकरणकार अस-सिराफीने तर्कशास्त्री मत्ताला, तुमचे तर्कशास्त्र ग्रीक भाषेतूनच निघालेले आहे, असे भर सभेत सुनावले होते. त्या वादाची धार मला 'मौजूद'मुळेच जाणवली.

फाराबीचे 'मौजूद'वरचे ते प्रकरण शब्दकोश शेजारी ठेवून, रोज अर्धे पान याप्रमाणे वाचावे. मी तसे वाचले, आणि मगच गझालीकडे परत गेले.