बाळाला अंगावर पाजायचं कसं: सगळं अडतं ते पकडीवर

नव्या आईला दूध कमी येतंय असं कुणी म्हटलं की लगेच अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी सुरू होतं. खा ना, बाळंतिणीला चांगलंच आहे ते. पण माझी दोन बाळंतपणं झाली, नंतर बहीण, जाऊ, शेजारची मुलगी अशा बऱ्याच जणींजवळ रात्री बसले आणि जवळपास प्रत्येक वेळी दूध होतं, बाळाची पकडच, म्हणजे स्तन तोंडात धरायची पद्धतच, चुकत होती. ती सुधारल्याशिवाय लाडवांनी काही होत नाही.

बसायची तयारी तुम्हाला माहितीये: पाठीला टेका, पायाखाली पाट, मांडीवर उशी, हाताशी पाण्याचा तांब्या. जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच बाळ छातीशी घ्यायचं. सिझर झालं असेल तरी तुम्ही शुद्धीत असाल आणि बाळ ठीक असेल तर नर्सला स्पष्ट सांगून घ्या. पहिले दोनतीन दिवस जो घट्ट पिवळसर चीक येतो तोच बाळाचा पूर्ण आहार. एका वेळेला चमचाभर निघाला तरी पुरतो कारण पोटच तेवढंसं असतं, त्यामुळे "अजून दूध उतरलं नाही, पावडर आणा" म्हणून घाबरून जाऊ नका. मध चाटवायचा नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. मधातून बाळाला खरोखर गंभीर आजार होऊ शकतो, आजीबाई कितीही रागावल्या तरी नाही म्हणजे नाही.

आता पकड. माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी हॉस्पिटलमध्ये मला एवढंच सांगितलं की निपल तोंडात द्या, ती ओढेल. ती ओढायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे चिरा पडून रक्त यायला लागलं आणि रात्री दोन वाजता ती रडतीये म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. सगळे म्हणायचे पहिल्यांदा दुखतंच, सहन कर. हा सल्ला साफ चुकीचा आहे. तोंडात घेताना सुरुवातीचे काही सेकंद ओढ लागल्यासारखं वाटलं तर चालतं, त्यानंतरही दुखत राहिलं तर पकड उथळ आहे, म्हणजे बाळ नुसतं निपल चावतंय आणि त्याला दूधही नीट मिळत नाहीये. मग ते तासभर लटकून राहतं, तरी रडतं, आणि घरातले म्हणतात दूध कमी.

मला शेवटी एका वयस्कर नर्सबाईंनी शेजारी बसून हात धरून दाखवलं तेच सांगते. डाव्या बाजूने पाजायचं तर बाळ उजव्या हाताने धरायचं. तुमचा तळवा त्याच्या खांद्यांच्या मध्ये पाठीवर, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याच्या मागून दाबायचं अजिबात नाही, दाबलं की बाळ उलटं मागे रेटतं आणि लोकांना वाटतं त्याला नकोय. त्याचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळवून प्यायला लागता कामा नये (तुम्ही मान वळवून पाणी पिऊन बघा). दुपट्यात घट्ट गुंडाळलं असेल तर सोडा.

डाव्या हाताने स्तन खालून धरायचा, अंगठा बाहेरच्या बाजूला, बोटं आतल्या, आणि हलकेच चपटा करायचा, मोठा वडापाव तोंडात जावा म्हणून आपण दाबतो ना तसा. बोटं निपलभोवतीच्या काळ्या भागापासून लांब, नाहीतर बाळाच्या तोंडाला जागाच उरत नाही. आता निपल बाळाच्या नाकासमोर येईल असं त्याला धरा, ओठांसमोर नाही, नाकासमोर. वरच्या ओठाला निपल घासा आणि थांबा. इथे सगळ्या जणी घाई करतात, मीही करायचे, थोडं तोंड उघडलं की कोंबायचं. थांबा! जांभई दिल्यासारखा मोठा आ वासेपर्यंत थांबा, लागली दोन मिनिटं तर लागू देत. आ वासला की त्याच क्षणी बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही, वाकलात तर आठ दिवसांत पाठ जाईल. हनुवटी आधी टेकली पाहिजे आणि खालच्या ओठाने काळा भाग जास्तीत जास्त झाकला पाहिजे.

बरोबर जमलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, आणि काळा भाग वर जास्त, खाली कमी दिसतो. गालाला खळी पडत असेल किंवा चक्चक् आवाज येत असेल तर सोडवा. ओढून काढायचं नाही! त्यानेच चिरा वाढतात. स्वच्छ करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घाला, हवा गेली की सुटतं. परत लावा, दहा वेळा लावावं लागलं तरी लावा. नाक दबतंय वाटलं तर बोटाने स्तन दाबू नका, बाळाचं ढुंगण तुमच्या जवळ ओढा, मान आपोआप मागे जाते आणि नाक मोकळं होतं. पिऊन झाल्यावर निपल बघा, गोल असेल तर उत्तम, तिरकं चपटं झालं असेल तर पकड उथळच होती. चिरांवर आपलंच दूध लावून वाळू द्यायचं.

आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलच्या व्हिडिओत ही पकड मराठीत दाखवली आहे, नवऱ्याला आणि सासूबाईंनाही सोबत बसवून बघा.

सिझरच्या टाक्यांवर भार नको असेल तर बाळ काखेखाली घ्या, पाय तुमच्या पाठीकडे. मुलाच्या वेळी मी पहिला आठवडा असंच पाजलं. रात्री कुशीवर झोपून.

किती वेळा? चोवीस तासांत आठ ते बारा, घड्याळ न बघता, आणि एक बाजू त्याने स्वतः सोडेपर्यंत दुसरी द्यायची नाही. मग ढेकर.

दूध पुरतंय का हे छाती दाबून कळत नाही, लंगोटांवरून कळतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओले व्हायला हवेत. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत यायला हवं. लंगोट कमी ओले होत असतील, बाळ प्यायला उठतच नसेल किंवा पिवळेपणा वाढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही. वरचं द्यायची वेळ आलीच तर आधी आपलं दूध काढून वाटी-चमच्याने द्या, सुरुवातीलाच बाटली नको.

आणि छातीत गाठ, लाली, थंडी वाजून ताप असं झालं तर डॉक्टरकडे जा, पण त्या बाजूने पाजणं थांबवू नका, थांबवलं की दूध साकळतं आणि दुखणं वाढतं.